शेडच्या मागची बाजू

गॅरेजमधली माणसं मिस्त्रींना त्यांच्या माघारी ‘पाल’ म्हणायची. कोणी इंजिन उघडून बसलं की हे मागे भिंतीला टेकून उभे राहणार, आणि पाना जरा इकडेतिकडे झाला की जिभेने ‘च्च’ करणार. शिवी नाही, आरडाओरडा नाही, नुसतं ‘च्च’. शिवी माणूस विसरतो हो, पण हे ‘च्च’ घरी जेवायला बसलं तरी कानातून जात नाही. डिझेलच्या कामात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून सगळे निमूट ऐकून घ्यायचे.

त्यातलं सगळ्यात जास्त ‘च्च’ आलं ते त्यांच्या एकुलत्या एक पोरीच्या वाट्याला. ती त्याच गॅरेजात शिकली, हातही बापासारखाच तयार झाला. पण बापाच्या तोंडून तिचं कौतुक कोणी ऐकलं असेल तर शपथ! “तोंडावर कौतुक केलं की कामगार बिघडतो,” हे मिस्त्रींचं ठरलेलं उत्तर. “अहो, ती कामगार आहे की पोरगी?” असं बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाले, “गॅरेजात सगळे कामगार.”

मग पोरीने ध्रुवाजवळच्या एका संशोधन तळावर उन्हाळ्यापुरती नोकरी धरली. बर्फात चालणाऱ्या, रणगाड्यासारख्या पट्ट्यांच्या गाड्या दुरुस्त करायच्या. “पालीला कंटाळून पोरगी पृथ्वीच्या टोकाला गेली,” असं गॅरेजात कोणीतरी बोललं. मिस्त्रींच्या कानावर ते आलं आणि तेही सगळ्यांबरोबर हसले. हसायला नको होतं.

त्या तळावर एक कॅमेरा होता. थोड्या थोड्या वेळाने त्याचा ताजा फोटो इंटरनेटवर यायचा, कोणीही बघावा. शास्त्रज्ञांनी तो ढग बघायला लावला असेल. मिस्त्रींना त्यात गाड्यांची शेड दिसली आणि त्यांचं घोडं गंगेत न्हालं. शेड लहान, गाड्या मोठ्या, त्यामुळे बरंचसं काम शेडच्या दाराशी उघड्यावरच चालायचं. नारिंगी कपड्यांतलं ते गाठोडं म्हणजे आपलीच पोरगी, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. डावा खांदा पुढे काढून पाना लावायची खोड दुसऱ्या कोणाची असणार? मग काय, फोन टेबलावर उभा करून हे दिवसभर त्याच्यासमोर.

“जेवायला चला.”

“थांब गं, तिने बॉनेट उघडलंय.”

“अहो, तो फोटो आहे, पळून नाही जाणार. जेवण गार होतंय.”

खरं सांगायचं तर त्यांचा जीव तिथे अडकला होता, चुका काढणं हे नुसतं निमित्त. पण हे पोरीला कुठून कळणार? रविवारी बायकोच्या फोनवर तिचा फोन यायचा, तोही थोडाच वेळ. तळावरची बाकीची माणसं मागे रांगेत असायची.

“बाबा, ऐका ना, या आठवड्यात मी एकटीने...”

“मंगळवारी जॅक कुठे लावला होतास?”

“काय?”

“जॅकखाली फळी नव्हती. बर्फावर जॅक? अगं, गाडी अंगावर आली असती म्हणजे!”

“फळी होती बाबा. बर्फाखाली गेली होती.”

“च्च.”

“आईला द्या.”

एकटीने काय केलं ते राहूनच गेलं. नंतर बायकोने सांगितलं. तिथे एक गाडी कित्येक मोसम मरून पडली होती, कोणाच्या बापाला सुरू करता आली नव्हती. ती पोरीने सुरू केली. तळावरचे सगळे बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते म्हणे. “पुढच्या रविवारी बोलतो तिच्याशी,” मिस्त्री म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी तिला हातमोज्यांवरून फैलावर घेतलं. जित्याची खोड, दुसरं काय!

त्यानंतर फोटोतून नारिंगी गाठोडं नाहीसं झालं. दार रिकामं, गाडीचं नाक तेवढं शेडच्या मागून डोकावतंय. आठवडाभर मिस्त्री फोटो मोठा करकरून ते रिकामं दार न्याहाळत राहिले.

“हल्ली दिसत नाहीस ती?” त्यांनी रविवारी विचारलं.

“मागच्या बाजूला काम करते. तिथे वारा लागत नाही.”

“बरं,” म्हणून त्यांनी फोन बायकोकडे दिला आणि टेबलाशी येऊन पुन्हा फोटो बघत बसले. शेडच्या छपरावर जनरेटरचं धुराडं होतं. त्याचा धूर वाकून सरळ कॅमेऱ्याकडे येत होता, मोसमभर तो तसाच येत होता. म्हणजे वारा मागून. आडोसा होता तो पुढे, दाराशी. मागे उभं राहणं म्हणजे सगळा वारा तोंडावर घेणं. “बोटं बधिर होतात म्हणजे?” पलीकडे बायको विचारत होती, “डॉक्टरांना दाखवलंस का?”

वाऱ्याची बाजू पोरीला कळत नव्हती होय? चांगली कळत होती. तो वारा परवडला, पण बापाची नजर नको!

मिस्त्री उठले आणि बायकोच्या हातून त्यांनी फोन जवळजवळ हिसकावून घेतला.

“पुढे ये तू. दाराशी. आडोसा तिथे आहे.”

“बाबा, प्लीज, आता नको...”

“अगं, चूक तुझी नाही, माझी आहे. उद्यापासून मी फोटो बघणार नाही. आईशप्पथ. आणि ती मेलेली गाडी... ती मला नसती जमली. चांगलं काम केलंस पोरी.”



“बाबा,” ती घाबरून म्हणाली, “तुमची तब्येत बरी आहे ना? आईला द्या बरं, आईला द्या आधी.”

मिस्त्रींनी शब्द पाळला. फोटो आता बायको बघते, आणि हे टेबलाकडे पाठ करून बसतात.

“आली का पुढे?”

“नाही हो.”

रोज हेच. एकदा न राहवून ते म्हणाले, “मी बघत नाही म्हणून सांगितलं ना तिला? मग?”

“ती कशी मानेल?” बायको म्हणाली. “गॅरेजात तिने कधी वळून बघितलंय? तुम्ही मागे आहातच, हे तिला न बघताच ठाऊक असायचं.”

पोरगी तिकडे वाऱ्यात उभी होती, आणि बापाच्या शब्दावर विसंबून ती आडोशाला यायला तयार नव्हती.