खंडेनवमीची रायफल

जुन्या बंदुकांची पारख करताना चकचकीत बंदूक पुढ्यात आली, की माझा हिरमोड होतो. मालकाला वाटतं, माल एकदम झकास आहे. मला कळतं, कुणीतरी घासूनपुसून वाट लावलेली आहे.

पडेगावच्या त्या घरी मला क्रांती चौकाजवळच्या एका संग्राहकानं पाठवलं होतं. घरात मायलेक दोघंच. वडील वारल्यावर रायफलीचा परवाना मुलानं आपल्या नावावर करून घेतलेला, आणि आता तोच नोकरीसाठी कायमचा परदेशी निघाला होता. संग्राहकानं घेतली तर ठीक, नाहीतर रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची. आईला ते नको होतं.

"तिथं कोपऱ्यात गंजून जाईल हो, साहेब," ती दारातच म्हणाली. "कुणाच्या तरी घरी नीट राहू द्या."

मुलानं रायफल पलंगावर ठेवली. नळी स्टीलच्या ताटासारखी लखलखत होती.

आधी ती रिकामी असल्याची खात्री केली. एका वेळी एकच काडतूस घेणारी, शिकारीची विलायती रायफल. चापाखालची दांडी खाली ओढली, तसा नळीमागचा लोखंडी ठोकळा अलगद खाली सरकला. मोठं गुणी यंत्र. नळीतले आटे स्वच्छ, दस्त्याचं अक्रोडी लाकूड कुठं चिरलेलं नाही. मी खूश झालो, ते तेवढ्यापुरतंच. बाहेरून मूळ निळसर काळा रंग नावालाही उरला नव्हता. कडा गुळगुळीत झालेल्या. बनवणाऱ्याचं नाव असतं तिथं भिंग धरलं, तर एक अर्धवट अक्षर दिसलं, तेही दिसलं म्हणायचं म्हणून.

"कशानं पुसता?" मी विचारलं.

"विटकरीची बारीक पूड अन् खोबरेल," आई अभिमानानं म्हणाली. "दर खंडेनवमीला, पूजेच्या आधी. ह्यांना शस्त्र लखलखीत लागायचं. ते गेल्यावर बी मी एक वर्ष चुकवलं नाय."

म्हणजे विळे, कोयते, पान्हे आणि ही रायफल, सगळं एकाच पुडीनं घासून एकाच पाटावर मांडलेलं. संग्राहकाला हवा असतो तो मूळ रंग, ते नाव, त्या धारदार कडा. थोडा गंज तो चालवून घेतो, घासलेलं घेत नाही. मी तिथूनच फोन लावला आणि जे दिसलं ते सांगितलं. "मग राहू द्या," एवढंच पलीकडून आलं.

मुलाला न सांगता समजलं. आई माझ्याकडं बघत राहिली.

"मंजी मीच घालवली का?"

असे प्रश्न मी सहसा टोलवतो. जुनी वस्तू आहे, झीज व्हायचीच, असं म्हटलं की भागतं. पण तिनं सरळ विचारलं होतं.

"हो, मावशी," मी म्हणालो. "पुसली नसती, तर आज चांगल्या घरी गेली असती."

बोलून गेलो आणि मला फार वाईट वाटलं. मुलगा रायफल कापडात गुंडाळायला लागला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"जमा करायच्या आधी," तिनं विचारलं, मुलाला नाही, मला, "एकदा पुसून देऊ का?"

"द्या," मी म्हणालो.