प्रस्थानाची ट्रंक

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जोधपूरहून पत्र आलं. मालक तिथं पलटणीत होते. महिनाभरासाठी क्वार्टर मिळालंय, सोबत रेल्वेचा पास पाठवतोय, माझ्या धाकट्या भावाला बरोबर घेऊन ये. वाळवंटातलं शहर आहे, ऊन भयंकर, पातळ कपडे तेवढे आण. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही एकत्र राहिलो होतो ते बावीस दिवस.

मी ट्रंकेत दोन पातळ लुगडी ठेवली. सासूबाईंनी ती काढून तळाला घोंगडं घातलं.

"आवं आत्याबाई, तिकडं लय ऊन हाय."

"मग? आमी उनात मेंढरं राखली ती घोंगड्याखालीच की."

घोंगड्यावर जोंधळ्याचं पीठ आलं, पिठावर चटणीचं मडकं, आणि ऊन बाधू नये म्हणून टोपलीभर कांदे. माझी लुगडी कांद्यांच्या फटीत कोंबली. सामान माझं, पण त्यात माझं कोण ऐकतंय.

गाडी गुरुवारची, आणि जोशीबुवांनी गुरुवार वाईट सांगितला. सोमवार चांगला. मग सोमवारीच प्रस्थान ठेवायचं ठरलं, म्हणजे सामान मुहूर्तावर उंबऱ्याबाहेर काढून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, की माणूस त्याच दिवशी निघालं असं धरतात. लोक सुपारी नाहीतर एखादं वस्त्र ठेवतात. आमच्याकडे अख्खी ट्रंक गेली, शेजारच्या काकींकडं. मामंजींनी पासही आत टाकला. "कागदाचंबी प्रस्थान होऊ दे," म्हणाले.

गुरुवारी सकाळी आवरून गेलो तर काकींच्या दाराला कुलूप. कवठे महांकाळला लेक अडली होती, रातोरात गेल्या होत्या. एवढ्या घाईत आमची ट्रंक कुणाच्या ध्यानात राहणार?

दीर दगड घेऊन आले. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"प्रस्थानाचं कुलूप फोडायचं न्हाई. माझा ल्योक पलटणीत हाय."

कराडची मोटार फाट्यावर थांबली. हॉर्न वाजला, परत वाजला. मी नव्या चपला घालून त्या कुलपाकडं बघत उभी. फोडा म्हणावं असं आतून उसळत होतं, पण सुनेनं तसं बोलायची रीत नव्हती. मोटार गेली.

काकी रविवारी आल्या, नातू झाल्याचा गूळ वाटत. तोवर पासाची तारीख उलटली होती. पुढं पत्र आलं. मालक तीन दिवस पाण्याची सुरई घेऊन स्टेशनवर जात होते. चौथ्या दिवशी पलटणीनं क्वार्टर दुसऱ्याला दिलं.

नंतर ते घरी आले, संसार झाला, पोरंबाळं झाली. पण उन्हाळा लागला की एकदा तरी म्हणायचे, "तुला यायचंच नव्हतं." मी कुलपाचं सांगायची. ते हसायचे, "कुलूप काय, दगडानं फुटतं." दगड आणला होता आणि दारात त्यांची आई उभी होती, हे मात्र मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आता सांगायला तेही नाहीत.