हिराबाईंची अकरा अंडी

अकराच्या अकरा अंडी बादलीतल्या पाण्यावर तरंगत होती.

मी हिराबाईंना सांगितलं, "यातलं एकही कोंबडीखाली ठेवण्यासारखं नाही. सगळी शिळी आहेत."

हिराबाई ओट्याच्या कडेला बसल्या आणि पदराने हात पुसत राहिल्या.

ही तपासणी सोपी आहे. ताजं अंडं पाण्यात बुडतं. जुन्या अंड्यात हवेची पोकळी मोठी होते, ते वर येतं. एरवी मी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर अंडं धरून पाहते. त्या दिवशी टॉर्चचे सेल उतरले होते आणि मला अजून दोन गावं करायची होती.

मी पशुधन पर्यवेक्षक होते. राहायला रोह्याला, नेमणूक पेण तालुक्यात. लोक आम्हाला डॉक्टर म्हणतात, आम्ही डॉक्टर नसतो. लसीकरण, प्रथमोपचार, योजनांचे अर्ज ही आमची कामं.

हिराबाईंचा अर्ज नुकसानीचा होता. धरमतर खाडीच्या अलीकडे, मिठागराच्या बांधाला लागून त्यांचं घर. चार दिवसांपूर्वी रानमांजराने खुराड्याची फळी उचकटली आणि चार कोंबड्या व एक कोंबडा मारला. पाचवी कोंबडी वाचली, कारण ती घरात होती. ती खुडूक होती. अंडी घालणं थांबवून कोंबडी उबवायला बसून राहते, अंगावर आलं की फुगते, टोच मारते, तिला खुडूक म्हणतात. हिराबाईंनी तिच्याखाली ठेवायला त्याआधी आठवडाभर सगळ्या कोंबड्यांची अंडी साठवली होती. ती हीच अकरा.

काळसर, आखूड पायांची ही कोंबडी त्यांच्या माहेरची. लग्नात आईने एक जोडी दिली होती, तिचीच ही पैदास. माहेरी आता ती उरलेली नव्हती. वस्तीत बाकी सगळ्यांकडे योजनेतल्या सुधारित कोंबड्या होत्या. कोंबडा मेला होता, म्हणजे या अंड्यांतून पिल्लं निघाली नाहीत तर ती जात संपणार होती.

तेवढ्यात त्यांची सून सुनीता फर्स्ट शिफ्ट करून आली. डोलवीला कंपनीच्या कँटीनमध्ये ती कंत्राटावर होती. बादलीत डोकावून तिने विचारलं, "अंडी यात कोणी टाकली?"

"मी."

"मॅडम, हे मिठागरातलं पाणी हाय. माझ्या सासऱ्यांनी मासे खारवायला आणलंय. यात दगड सोडून सगलं तरंगतं."

मी बोट बुडवून चाखलं. जिभेला झोंबलं. दाट खाऱ्या पाण्यात ताजं अंडंही वर राहतं. माझा निकाल चुकीचा होता. शिवाय अंडी आता ओली झाली होती, हे वेगळंच. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो जंतू बाहेर ठेवतो. म्हणून उबवायची अंडी धुवायची नसतात.

हिराबाई उठल्या. "म्हंजे चांगली हायत?"

"माहीत नाही. आता पुन्हा पाण्यात घालायची नाहीत. कोरड्या फडक्याने टिपा. चोळू नका."

"चाळीस वर्सं मिठात गेली आमची, पण अंड्यांचं लोनचं कोनी घातलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

तिथूनच मी कार्यालयातल्या साहेबांना फोन केला आणि अंडी तपासायला आठवड्याने परत यावं लागेल, असं सांगितलं.

"अकरा अंड्यांसाठी परत जाणार?" त्यांनी विचारलं. "पिल्लांचा नवा लॉट आलाय. त्यातली पंधरा त्यांना द्या आणि अर्ज निकाली काढा."

"ती मोठी झाल्यावर खुडूक होत नाहीत, सर."

"मग चांगलंच आहे. अंडी जास्त घालतील."

साहेबांचं बरोबर होतं. सुधारित जाती त्यासाठीच तयार केल्या आहेत. मी हिराबाईंना पंधरा पिल्लं देऊ केली.

"त्यांच्या पोटची पोरं उबवायची कोनी? सुनीताच्या कँटीनमध्ये ठेवायची काय?"

संध्याकाळ होत आली तशी आम्ही कोंबडी बसवली. उजेडात जागा बदलली की ती उठून जाते. टोपलीत भाताचा पेंढा, मधे खोलगट जागा. हिराबाईंनी तळाशी एक खिळा ठेवला. विजेने अंडी बिघडू नयेत म्हणून लोखंड ठेवायची रीत आहे. त्याने नुकसान काही होत नाही. मी खिळा राहू दिला.

एक काम सुनीताला नेमून दिलं. खुडूक कोंबडी कधीकधी उपाशी राहते, पण उठत नाही. तिला रोज एकदा उचलायचं, दाणापाणी द्यायचं, पंधरा-वीस मिनिटांत परत बसवायचं. शिफ्ट बदलली तशी सुनीताने वेळ बदलली. कोंबडीने तिच्या मनगटावर सहा ठिकाणी टोचलं.

सातव्या दिवशी मी नवे सेल घालून गेले. दार लावून एकेक अंडं टॉर्चवर धरलं. जिवंत अंड्यात कोळ्याच्या पायांसारख्या लाल रेषा दिसतात. वांझ अंड्यात नुसता पिवळट उजेड. सहा जिवंत, पाच वांझ. वांझ अंडी मी बाजूला काढली.

हिराबाईंनी त्यातलं एक परत टोपलीत ठेवलं.

"ते सडेल. फुटलं तर बाकीची जातील."

"सहा नाय चालत. जोड आकड्यावर कोंबडी टिकत नाय. सात तरी पायजेत."

"सातवं कुठून आणू?"

"ते तुमी बघा. पाच तुमी काढलीव."

दुसऱ्या दिवशी मी कुंडलिका नदीतला एक गोल गोटा घेऊन गेले. हिराबाईंनी तो हातात तोलला आणि धुऊन, वाळवून त्या वांझ अंड्याच्या जागी टोपलीत ठेवला. कोंबडीने चोचीने तो पोटाखाली ओढून घेतला.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. एकविसाव्या दिवशी सकाळी तीन पिल्लं निघाली, दुपारी दोन. सहाव्या अंड्याला चोचीएवढं भोक पडलं होतं. आत हालचाल होती. संध्याकाळपर्यंत भोक तेवढंच राहिलं.

"जरासं कवच काढते," हिराबाई म्हणाल्या.

"नको. आतल्या पडद्याच्या शिरांत रक्त असतं. घाई केली की पिल्लू मरतं."

"आई, हात आवरा," सुनीता म्हणाली.

हिराबाईंनी हात मागे घेतला. सकाळपर्यंत ते पिल्लू आतच मेलं. कवच काढलं असतं तर जगलं असतं का, हे मला सांगता येणार नाही. त्यांनीही विचारलं नाही.

पाच पिल्लं जगली. नर-मादी लगेच ओळखता येत नाही, तुरा वाढेपर्यंत थांबावं लागतं. सातव्या आठवड्यात मी पाहिलं. दोन नर, तीन माद्या.

"फळी बदलली," हिराबाईंनी सांगितलं. "जाळी पन मारली."

"जाळी असू द्या. पण यातली एक जोडी दुसऱ्या घरी ठेवा."

"कोनाकडे?"

"तुमची मुलगी कुठे असते?"

"कासूला."

पुढच्या रविवारी सुनीता झाकणाची करंडी घेऊन कासूला गेली आणि रिकामी करंडी घेऊन परत आली.

कार्यालयात मी नोंद केली, 'लाभार्थीने पिल्लं नाकारली.' साहेबांनी सही केली.

एखादी जात टिकवायची असेल तर ती एकाच खुराड्यात ठेवू नये. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. रानमांजर आलं त्याच वर्षी, ते येण्याआधी, लसीकरणासाठी मी हिराबाईंच्या अंगणात तीनदा गेले होते. तिन्ही वेळा पक्षी मोजले, लस दिली, सही घेतली आणि निघाले.