पाण्यातला डायपर

आम्ही राहतो पुण्यात, मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला. वारा फिरला की सडलेल्या कोबीचा वास थेट स्वयंपाकघरात. म्हणून मुलीने, "आई, तुला कुठे जायचंय?" असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "जिथे पाणी स्वच्छ असेल तिथे."

तिने कोकणातलं एक आडबाजूचं गाव शोधलं, राहायची सोय केली आणि आम्हा दोघांचं स्नॉर्केलिंगही ठरवून टाकलं. हे म्हणाले, "म्हणजे नाकातोंडात पाणी घालून घ्यायचं. तेही हौसेने."

किनारा खरंच शांत होता. सुरूची झाडं, ओली वाळू, चिटपाखरू नाही. तासभर मी अगदी सुखात होते. मग बोट आली. बोटीत आमच्याबरोबर एक तरुण जोडपं होतं, मांडीवर तान्हं बाळ. तेही पुण्याचेच निघाले.

खडकांजवळ बोट थांबली. तिथल्या दुसऱ्या बोटीतली मंडळी नुकतीच पाण्याबाहेर आली होती. त्यांच्या तोंडातल्या नळ्या बोटवाल्याने बादलीत एकदा बुचकळल्या आणि आमच्या हातात दिल्या.

"धुतल्यात ना?"

"समुद्राचं पाणी आहे, काकू. मीठच मीठ!"

माझ्या नळीच्या रबरावर दातांच्या खुणा होत्या. तोंडात धरली तर गुटख्याची गोडसर, उग्र चव.

"चघळू नकोस, नुसती धर," हे म्हणाले.

लाइफ जॅकेट घालून मी पाण्यात उतरले. क्षणभर पिवळ्या पट्ट्यांचे मासे दिसले आणि मी सगळं विसरले. तेवढ्यात वरून बिस्किटांचे तुकडे पडायला लागले. बोटीतला तो तरुण मासे जमवत होता. पाण्याचा नुसता लगदा झाला. त्या लगद्यातून काहीतरी पांढरं, फुगलेलं तरंगत आलं आणि माझ्या दंडाला चिकटलं. मऊ, गिळगिळीत. मला वाटलं जेलीफिश. हाताने झटकलं तर डायपर. फाटलेला, आतला गर बाहेर आलेला, पट्टीवर सशांची चित्रं. बाळाच्या कमरेला तेच ससे मी मघाशीच पाहिले होते.

मी तो तसाच उचलून बोटीच्या काठावर ठेवला. "हे तुमचं पडलं."

"आमचं नाही," बाळाची आई म्हणाली. "आम्ही आत्ताच नवीन घातलाय."

"मग जुना कुठेय?"

ती बाळाचं टोपडं नीट करू लागली. नवरा म्हणाला, "काकू, समुद्र केवढा मोठा आहे!"

"द्या टाकून," बोटवाला म्हणाला. "बोटीत वास सुटेल."

हे तोवर वर चढले होते. त्या तरुणाला शांतपणे म्हणाले, "अहो, आपलंच बाळ आहे, लाज कसली? ठेवा जवळ."

त्या तरुणाने दोन बोटांनी तो उचलून बिस्किटांच्या पिशवीत कोंबला. किनाऱ्यावर उतरल्यावर मी मुद्दाम मागे रेंगाळले. त्याने इकडेतिकडे पाहिलं, सुरूच्या बुंध्याशी पायाने वाळू उकरली, पिशवी पुरली आणि हात झटकत निघून गेला. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं तर फक्त उलटी आली.

घरमालकिणीने जेवायला सुरमई तळली होती. मी दहीभातावर भागवलं. यांनी दोन तुकडे मागून घेतले. "मासा कुठे पोहत होता याचा विचार केलात का?" मी विचारलं.

"तू नको करूस. खाऊ दे मला."

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा बोटीने गेले. मी ओसरीवरच बसून राहिले, समुद्राकडे पाठ करून. दुपारी आले ते लहान मुलासारखे खुलून. "अगं, एवढा मोठा निळा मासा! अगदी माझ्या हाताखालून गेला. तू असायला हवी होतीस."

एवढं बोलून ते माझ्या शेजारी टेकायला लागले.

"आधी आंघोळ करा," मी म्हटलं. "साबण लावून. मग सांगा."