सतरा अंश वीस मिनिटांचा साइन

"आरं उघड की डोळं! का तुलाबी दसऱ्याची सुट्टी पायजे?"

मिलिंगवाले काका माझ्या कॅल्क्युलेटरवर असे ओरडले, की चाकणच्या आमच्या शेडचे पत्रे थरथरले आणि पार मारुंजीत झोपलेली कुत्री उठून बसली. कॅल्क्युलेटर मात्र ढिम्म.

दसऱ्यानंतरची पहिली पाळी, दुपारचे दोन. काकांनी नव्या कामाचा पहिला पीस काढून माझ्या, म्हणजे क्वालिटीच्या, टेबलावर ठेवला होता. मी तो पास केल्याशिवाय त्यांना मशीन सोडता येत नव्हतं, आणि चार वाजता सांगवीत त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. पिसाचा उतार सतरा अंश वीस मिनिटं. तो तपासायचा तर साइन बार नावाच्या पोलादी पट्टीच्या एका टोकाखाली नेमक्या उंचीचे ठोकळे लावायचे, आणि ती उंची कोनाच्या साइनवरून काढायची. मोबाइल गेटवर जमा. कॉम्प्युटरचा पासवर्ड साहेबांच्या डोक्यात, आणि डोकं साहेबांबरोबर लातूरला.

"अंदाजानं लाव की, राव."

"मुलगी अंदाजानं देता का, काका?"

"लई बोलू नगंस. चालू कर."

आता मीही पेटलो. हा डबा चालू होईपर्यंत पाण्याचा घोट घेणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. एसीच्या रिमोटमधले सेल काढून घातले. काही नाही. सेलच्या पट्ट्या खोडरबरने इतक्या घासल्या की त्यांत बघून भांग पाडता आला असता. तरी नाही. मागच्या भोकात टाचणी खुपसून रिसेट केला. काकांनी मधेच तो तळहातावर असा आपटला, की नऊचा सहा झाला असेल असं मला वाटलं.

शेवटी बारीक पेचकस घेऊन बसलो. बाराएक स्क्रू निघाले. एरवी सांगताना मी वीस सांगतो. आतला रबर उचलला, तर 'ऑन' बटणाखाली हळदीकुंकवाचा वाळलेला चिखल, आणि त्यात अर्धा तांदूळ आरामात पडलेला. खंडेनवमीला मशीन, व्हर्नियर सगळ्यांची पूजा झाली होती. कुणीतरी ओलं बोट भरून याच्याही बरोब्बर 'ऑन'वर टिळा लावून अक्षता टाकल्या होत्या.

"ह्ये कुणी केलं?" काकांनी विचारलं.

"असेल कुणी श्रद्धाळू माणूस."

"व्हय. त्याचं बोट आजून पिवळं हाय."

मी हात खिशात घातला. मग खिशात हात ठेवून काम होत नाही म्हणून निमूट बाहेर काढला. कापसाला स्पिरिट लावून सगळं पुसलं, वाळू दिलं, परत जोडलं. एक स्क्रू उरला, त्याच्याकडे मी बघितलंच नाही. बटण दाबलं. पडद्यावर शून्य! इतकं देखणं शून्य मी दहावीच्या गणितातही पाहिलं नव्हतं.

साइन आला शून्य पूर्णांक दोन नऊ सात नऊ तीन. ठोकळे लावले, पिसावरून डायल फिरवला, काटा जागचा हलला नाही, म्हणजे उतार बिनचूक. सही केली. काकांनी बाइक अशी काढली, की मोशीचा सिग्नल म्हणे घाबरून हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवरच त्यांना गाठलं. "काका, पोचलात का वेळेवर? पसंती आली?"

"त्येंची आली," काका म्हणाले. "पोरगी न्हाई म्हनली."