आबा गेले त्या दिवशीचा प्रयोग

दादाचा शेवटचा प्रयोग मी उस्मानपुऱ्यातल्या नाट्यगृहात दुसऱ्या रांगेत बसून पाहिला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नाटकातून सिनेमात आणि तिथून टीव्हीवर गेलेला. कुठंही चहाला थांबला की टपरीवाला हात पुसून फोटोसाठी पुढं यायचा. त्या दिवशी दुसऱ्या अंकात त्यानं सुनेशी भांडणाचा प्रवेश केला, दाराकडं गेला, वळला आणि तोच प्रवेश पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केला. सुनेचं काम करणारी बाई क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, "मामंजी, हे मघाशीच बोललात की!" लोक हसले. मीही हसलो. त्यानं काहीतरी नवीन घातलंय असंच मला वाटलं. मग त्याचा चेहरा दिसला. लोक कशाला हसताहेत, हे त्याला कळत नव्हतं.

सहा महिन्यांत डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार असल्याचं सांगितलं. वहिनी आधीच गेलेल्या, मुलगी परदेशात. मी चितेगावच्या कंपनीतून नुकताच रिटायर झालो होतो. बायको म्हणाली, "आणा त्यांना इकडं. आपल्याशिवाय आहे कोण?" असा दादा गारखेड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आला.

सुरुवातीला सोसायटीतले लोक भेटायला यायचे. मालिकेतलं त्याचं गाजलेलं वाक्य म्हणायचा आग्रह करायचे. तो हात जोडून हसायचा. मी सांगायचो, दादाचा घसा बसलाय. हळूहळू लोक यायचे थांबले.

मग त्याची भाषा बदलायला लागली. मुंबईत गेल्या-गेल्या त्याच्या बोलण्याला लोक हसले होते, म्हणून त्यानं आमची गावाकडची बोली मुळापासून उपटून काढली होती. फोनवरसुद्धा मला टोकायचा, "'नाय' नाही रे, 'नाही' म्हण." मला त्याचा राग यायचा. आता तोच माणूस सकाळी ताटासमोर बसून म्हणायचा, "भाकर नाय का आज? लई भूक लागलीया." बायकोला हसू यायचं. मला मात्र आत कुठंतरी बरं वाटायचं, आणि असं बरं वाटणं बरोबर नाही हेही कळायचं.

पुढं तो आबांना शोधायला लागला. आबा, म्हणजे आमचे वडील, जाऊन तीस वर्षं झाली होती. दिवसातून चार-पाच वेळा तो दाराशी जाऊन विचारायचा, "आबा आले का रं?"

इथं मला एक सांगायला पाहिजे. आबा पहाटे गेले. दुपारी मी कंपनीच्या ऑफिसातून मुंबईच्या नाट्यगृहात फोन लावला. दादा स्वतः बोलला, "निघतो." थोरल्यानंच अग्नी द्यावा म्हणून आम्ही आबांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवलं. उन्हाळा होता. शेवटी भावकीतले म्हणाले, आता नाही थांबता येत, आणि अग्नी मी दिला. दादा राख सावडायला तिसऱ्या दिवशी आला. आबा गेले त्या दिवशी त्यानं दुपारचा प्रयोग केला होता, हे आम्हाला पेपरातून कळलं. लोकांनी त्याचं कौतुक केलं. वडील गेले तरी माणूस रंगमंचावर उभा राहिला म्हणून. मी त्याला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही.

मागच्या मे महिन्यात एकदा सकाळपासून त्यानं सात-आठ वेळा विचारलं. पाणी नव्हतं, टँकरची वाट बघत होतो, डोकं तापलेलं. तो पुन्हा दाराशी गेला. "आबा आले का रं?"

"आबा मेले, दादा. तीस वर्षं झाली. तू आला नव्हतास."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. तो दाराला धरून उभा राहिला. त्याला पडद्यावर रडताना मी कितीदा पाहिलं असेल. तसं हे नव्हतं. आवाजच नाही. नाक वाहत होतं, तो ते पुसत नव्हता. बायको आतून धावत आली, त्याला खुर्चीत बसवलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "काय मिळालं तुम्हाला?"

मग दादा बोलला. आवाज अगदी स्वच्छ.

"फोन आला तवा दाढी चिकटवत होतो. म्हणलं, एवढा प्रयोग करतो अन् निघतो."

"असू दे, दादा."

"काम लई चांगलं झालं. आबा गेल्याचं समदं त्यात घातलं म्या. लोक उभे राहिले. अन् मला बरं वाटलं. बरं वाटलं ना, म्हणून मग निघवलंच नाय. काय तोंड घेऊन येऊ?"

तीस वर्षं मी हे ऐकायची वाट बघितली होती. तेव्हा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "पाणी आणतो," आणि स्वयंपाकघरात गेलो. तिथं उगाच उभा राहिलो. परत आलो तर तो पंख्याकडं बघत होता. गालावरचं ओलं तसंच होतं, पण कशाचं ते त्याला आठवत नव्हतं.

त्यानंतर तो विचारायचा तेव्हा मी सांगायचो, "आबा शेतात गेलेत. येतील." तो म्हणायचा, "व्हय का," आणि दारातून परत फिरायचा. श्रावणाच्या सुमारास त्यानं विचारणंही सोडलं. एका दुपारी त्याला भात भरवताना मी धीर करून म्हणालो, "दादा, आबांचं मनातून काढून टाक. माझ्या मनात काही नाही."

त्यानं घास गिळला. माझ्याकडं पाहुण्याकडं बघावं तसं बघितलं.

"तुम्ही लई चांगले आहात," तो म्हणाला.