वळणावरची खडखड

निरगुडसर फाट्यावरचा तो मेकॅनिक इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. तेवढा वेळ गिऱ्हाइकाने बोलायचे नाही. वडिलांची जुनी मोटरसायकल फार खडखडायची. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर झिजला होता, पण वडील तो बदलू देत नसत. वळणावर खडखड ऐकू आली की आई चहा ठेवायची.

वडील गेल्यावर मी गाडी त्या मेकॅनिककडे नेली.

"भाऊ, चेन सुटली तर इंजिनच जाईल. आवाज ठेवायचा का गाडी?"

मी टाकीवरून हात फिरवत राहिलो.

"ऱ्हाऊ द्या. तुमाला नाय जमायचं. तुमच्या आईलाच इचारू."

गाडी घेऊन तो आमच्या दारात आला आणि इंजिन चालू ठेवून मान खाली घालून उभा राहिला. आई ओट्यावर बसून बराच वेळ ऐकत होती.

"बदल," ती म्हणाली. "आवाज माझ्या ध्यानात हाय."

दुसऱ्या दिवशी टेन्शनर बदलून मी आणि मेकॅनिक गाडीवरून घरी आलो. वळणावर काहीच वाजले नाही. दारात पोहोचलो, तेव्हा आई वळणाकडे तोंड करून ओट्यावर बसली होती आणि आत चहा उकळत होता.